शाळेची सोयरीक

जून अर्ध्यावर आला की आमचे मोठे गुरुजी टोपी धुवून वाळत घालायचे. एरवी वर्षभर त्यांच्या डोक्यावर काही नसायचं, टक्कल उघडंच. पण शाळा उघडायच्या आधीचे आठ-दहा दिवस टोपी, धुतलेलं धोतर, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत एक नारळ, असा थाट. बोअरिंगवर पाणी भरणारी एखादी बाई विचारायची, "कुठं निघाले गुरुजी?" हे गंभीर तोंड करून सांगायचे, "सोयरीक घेऊन जाऊन राहिलो."

मी नवा होतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं जंगलाला टेकलेलं गाव, दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा, चार वर्ग आणि दोन मास्तर. मोठे गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक आणि छोटे गुरुजी म्हणजे मी. मला वाटलं, ह्यांच्या घरी लग्नाची मुलगी असेल. मी भोळेपणानं विचारलंही, "मुलगा काय करतो?"

"मुलगा पाच वर्षाचा आहे," ते म्हणाले. "दिवसभर बकऱ्यामागे फिरते."

मग कळलं, की सोयरीक शाळेची. ज्या घरात पाच-सहा वर्षांचं मूल, त्या घरी हे नारळ घेऊन जायचे आणि रीतसर मागणी घालायचे. मी म्हणालो, "गुरुजी, सरकारी शाळा आहे. प्रवेश घ्यायला त्यांनी यायचं, आपण कशाला जायचं?" तर माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं गिळलं.

"शाळा आपली लेक आहे मास्तर. आपण मुलीकडचे. मुलीकडच्याले मान खाली घालून जा लागते. तू छाती काढून चालून राहिला, ते आधी बंद कर."

त्यांच्याबरोबर तिसरी असायची आमची खिचडीवाली बाई. सोयरिकीला बाईमाणूस पाहिजे म्हणून. घरात गेलं की गुरुजी खाटेवर अगदी काठाला टेकायचे, टोपी सारखी करायचे आणि सुरू करायचे. दरवर्षी तेच शब्द. "आमची पोरगी सावळी आहे. कित्येक वर्षं झाले, रंग नाही लागला. पावसात एका कोपऱ्यातून गळते. लपवत नाही. पण गुणाची आहे. तुमचा पोट्टा तिच्यापाशी सुखात राहील."

घरचे हसायचे. हसतील नाही तर काय! पण गुरुजी हसायचे नाहीत, आणि मग हळूहळू घरचेही सावरून बसायचे. एखादी आजी पदर डोक्यावर घ्यायची. मी अकरा वर्षं त्यांच्याबरोबर हिंडलो, ह्या गमतीत गांभीर्य कधी शिरायचं ते मला शेवटपर्यंत पकडता आलं नाही.

एक नियम मात्र पक्का. बोलणी ठरल्याबिगर त्या घरचं काही तोंडात घालायचं नाही. चहा नाही, सुपारी नाही, पाणीसुद्धा नाही. जुन्या लोकांची रीत, म्हणे. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. जूनचं ऊन, घशाला कोरड, समोर कुणी तांब्या धरला आणि मी गटागट प्यालो. बाहेर आल्यावर केवढा उद्धार केला माझा! "पाणी पिऊन मोकळा झाला! आता त्याहीनं नाही म्हटलं त कोणत्या तोंडानं परत जाशील बे?" त्या घरानं 'हो' म्हटलं होतं, तरी ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आणि 'हो' कुणी म्हणायचं? आईबापानं नाही, मुलानं. गुरुजी आईबापाचं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग खाली उकिडवे बसून मुलाला विचारायचे, "तुले पसंत आहे का?" एका गोंडाच्या घरी पाच वर्षांची चुणचुणीत पोरगी होती. तिनं सरळ मान हलवली. नाही.

"काऊन वं?"

"थ्या शाळेत झोका नाही."

बाप ओशाळला, ओरडायला निघाला. गुरुजींनी त्याला हातानंच गप्प केलं. "बराबर बोलून राहिली. पाहून-सवरून द्या लागते," म्हणाले आणि नारळ परत पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी गावातल्या ट्रॅक्टरवाल्याकडून एक जुना टायर गडगडवत आणला आणि शाळेमागच्या चिंचेला टांगला. मला वर चढवलं दोर बांधायला. तिसऱ्या दिवशी ती पोरगी स्वतःच आली, अर्धा तास झोका घेतला, उतरली आणि वर्गात जाऊन बसली. गुरुजी त्या संध्याकाळी तिच्या घरी जाऊन दोन कप चहा प्याले.

हजेरी घ्यायचीही त्यांची तऱ्हा होती. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही, सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. "बासी." "पेज." "भात अन् चटणी." मोहफुलं वेचायच्या दिवसांत पोरं पहाटेच रानात जायची, तेव्हा अर्धी पोरं "काहीच नाही" म्हणायची. गुरुजी वहीत खूण करायचे आणि खिचडीवाल्या बाईला हाक मारायचे, "आज लवकर चढव वं!" एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ही हजेरी ऐकली आणि विचारलं, "ये क्या चल रहा है?" आमच्याकडे गोंदियातून येणारा माणूस निम्मं हिंदीच बोलतो. गुरुजी म्हणाले, "हजर आहे ते त दिसूनच राहिलं साहेब. पोटात काय आहे ते दिसत नाही, म्हणून विचारा लागते." साहेबांनी शेरा काय लिहिला कोण जाणे.

असा माणूस. जातीनं पोवार, घरी पाच एकर धानाची शेती, दोन्ही मुलं ह्याच शाळेतून शिकून गेलेली. मी बदलीचा अर्ज केला की म्हणायचे, "आमचे पूर्वज माळव्यातून पायी चालत इथवर आले. अन् तुले तालुक्याहून अकरा किलोमीटर गाडीवर येणं जमत नाही!" असं म्हणून माझ्या अर्जावर मुकाट्यानं सही पण करायचे. बदली कधी झाली नाही. आता वाटतं, बरं झालं.

मी तालुक्याच्या गावी भाड्यानं राहायचो. मुलगी झाली तेव्हा गुरुजी बारशाला आले. पाळण्यात डोकावले, बराच वेळ पाहत राहिले. बायकोनं चहा आणला, तर म्हणाले, "आता नको बाई." पाणी? "तहान नाही." आणि गेले.

त्यानंतर ते वरचेवर यायला लागले. गोंदियाला काही काम निघालं, की गावातून सायकलवर तालुक्याला यायचे, सायकल आमच्या अंगणात लावायचे आणि एसटी पकडायचे. परत येताना सायकल घ्यायला पुन्हा आमच्या दारात. ओट्यावर बसायचे, माझ्या मुलीशी पाच मिनिटं गप्पा मारायचे. बायको दर वेळी विचारायची, चहा टाकू? दर वेळी "आता नको." भर उन्हात सायकल हाणून आलेला घामाघूम माणूस, आणि म्हणे तहान नाही!

एक दिवस बायकोच म्हणाली, "अहो, त्यांना आपल्या घरचं चालत नसेल."

आम्ही बौद्ध. हे असलं काही मनात यायला आम्हाला वेळ लागत नाही, लागावा असं आयुष्यही गेलेलं नाही. मी तिला म्हणालो, "छे, तसला माणूस नाही तो." पण ते बोलणं माझ्या मनात जे रुतून बसलं ते बसलंच. शाळेत मी त्यांच्या पुढ्यात डबा उघडायचा बंद केला, कामाचं तेवढं बोलायला लागलो. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. बहुतेक आलं नसावं. त्यांचं लक्ष पटावर होतं.

कारण तोवर गावात पिवळी गाडी यायला लागली होती. तालुक्याच्या कॉन्व्हेंटची. दोन हजार दहा नुकतंच मागं पडलं होतं. ज्याच्याकडे चार पैसे, त्याचं पोर टाय लावून गाडीत बसायचं. गुरुजींच्या पिशवीतला नारळ पिशवीतच राहायला लागला. चाळीसचा पट तीसवर आला, तीसचा पंधरावर. गुरुजी गाडी आली की रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि आतल्या पोरांना हात करायचे. राग नाही, काही नाही. "वरात जाऊन राहिली," म्हणायचे.

आणि माझी मुलगी? ती पण पिवळ्या गाडीतच जात होती. लपवून काय करू! जिल्हा परिषदेचा मास्तर, पगार सरकारी शाळेचा, आणि पोरगी कॉन्व्हेंटला. माझ्यासारखे ढीगभर मास्तर होते तालुक्यात, सगळेच तसे. बायकोचा आग्रह होता, आणि तिचंही चूक नव्हतं. ती शिकली मराठीतून. बी.ए.च्या वर्गात इंग्रजी तास सुरू झाला की बाकाखाली लपावं वाटायचं, असं ती सांगायची. माझ्या मुलीवर ती वेळ येऊ देणार नाही, एवढंच तिचं म्हणणं.

मग ते पत्र आलं. ज्या शाळांचा पट दहाच्या आत आहे, त्या पुढच्या सत्रापासून बंद, मुलांचं जवळच्या शाळेत समायोजन. कारण एकच, खर्च. थोड्या मुलांसाठी शाळा चालवणं परवडत नाही, असं त्या सरकारी भाषेत लिहिलेलं. आमचा पुढच्या सत्राचा पट भरत होता नऊ.

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. "समायोजन म्हणजे काय रे?"

"सामावून घेणं."

"कोण सामावून घेऊन राहिलं? नाला?"

जवळची शाळा चार किलोमीटरवर, मधे जंगल आणि एक नाला. पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, कमरेएवढं पाणी जातं, आणि मोह गळायला लागला की त्याच वाटेवर अस्वलं. सहा वर्षांचं पोर तिथून जाणार नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. झोक्यावाली पोरगी आता चौथीत जाणार होती, तिचा धाकटा भाऊ दुसरीत. तिच्या बापानं सरळ सांगितलं, "शाळा गेली त पोट्टे घरी बसतील गुरुजी. बकऱ्या आहेतच." बाकीच्या घरांतही हेच. नऊ पोरांचं शिकणं तिथंच संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर गुरुजी धोतर खोचून छुई कालवत होते. आमच्याकडे पांढरी माती मिळते खाणीतून, घरं सारवायला वापरतात, तिला छुई म्हणतात. गावातल्या दहा-बारा बायका जमल्या होत्या. भिंतींना छुई, खाली गेरूचा पट्टा. मी म्हणालो, "गुरुजी, शाळा बंद व्हायला निघाली आणि तुम्ही रंगरंगोटी काढली?"

"लेकीवर बोलणं आलं आहे मास्तर. अशा वेळी तिले सजवा लागते," ते म्हणाले आणि माझ्या हातात बादली दिली.

गावातलं एकूण एक घर पुन्हा पालथं घातलं. जी पोरं होती ती एक तर गाडीत जाणारी, नाही तर अजून दूध पिणारी. सरपंचानं उपाय काढला. "काऊन डोकं खराब करून राहिले गुरुजी? माझ्या पुतण्याचं नाव टाका वहीत. शिकू द्या त्याले कॉन्व्हेंटात. कोण येते पाहाले?" खरं सांगतो, मला तो उपाय पटला होता. आजूबाजूला असंच चालत होतं. गुरुजी म्हणाले, "नवरदेव मांडवात नाही अन् मी अक्षता टाकू काय?" विषय संपला.

मग गोंदिया. ग्रामसभेचा ठराव, नऊ मुलांच्या आईबापांच्या सह्या आणि अंगठे, नाल्यावरच्या पाण्याचे फोटो, सगळं घेऊन आम्ही जिल्हा परिषदेत गेलो. गुरुजी टोपी घालून आले होते. दोन तास बाकावर बसवून ठेवल्यावर आत बोलावलं. साहेब वयानं माझ्याएवढेच, माणूस वाईट नव्हता. कागद पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, मला सगळं समजतं. पण निर्णय वरून आलेला आहे. सरकारला परवडत नाही."

"साहेब, लेक परवडत नाही म्हणून कोणी नाल्यात सोडते काय?"

"अहो, नऊ मुलांसाठी दोन शिक्षक..."

"दहाच काऊन साहेब? दहाव्या पोरात असं काय आहे जे नवव्यात नाही? ह्या नऊ जणांचे बाप मत देत नाहीत काय?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "दहा असते तर मी आत्ता लिहून देतो, शाळा सुरू ठेवा म्हणून. नऊवर माझी कलम चालत नाही. कायको मुझे फसा रहे हो?"

गुरुजींनी पिशवीत हात घातला आणि नारळ काढून साहेबांच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवला. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी.

"मग मागणी घालून राहिलो, समजा. तुमच्या घरी आहे काय कोणी पाच-सहा वर्षाचं? आमची शाळा सावळी आहे, पण गुणाची आहे."

बाहेरचा शिपाई आत डोकावला. साहेबांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा हसू आलं, मग ते हसू विझलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही सहायक शिक्षक ना? तुम्हाला मुलं?"

"एक मुलगी."

"केवढी?"

"पहिलीत जाईल आता."

"कुठं शिकते?"

मी खाली पाहिलं. टेबलाच्या काचेखाली कसलं तरी वेळापत्रक होतं, ते वाचत राहिलो. साहेब म्हणाले, "देखो गुरुजी. तुमच्या स्वतःच्या मास्तराला तुमची शाळा चालत नाही. आणि माझ्या दारी नारळ?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. आणि गुरुजी शांतपणे म्हणाले, "त्याचा दोष नाही साहेब. त्याच्या घरी मी मागणीच घातली नाही अजून. चूक माझी आहे." मग नारळ उचलून पिशवीत घातला, नमस्कार केला आणि बाहेर पडले.

एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. गुरुजी खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत होते. माझं आतल्या आत उकळत होतं. लाजेचा राग होतो माणसाचा, तसं झालं. आमच्या अंगणात येऊन ते सायकलचं कुलूप काढायला वाकले, बायको नेहमीप्रमाणे दारात येऊन म्हणाली, "गुरुजी, चहा टाकू?" आणि ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "आता नको बाई."

मी भडकलोच. "सहा वर्षं झाली गुरुजी! सायकल ठेवायला आमचं अंगण चालतं आणि आमचा चहा चालत नाही. एकदाचं तोंडानं सांगून टाका ना, आम्ही बौद्ध म्हणून!"

त्यांच्या हातात कुलूप तसंच राहिलं. तोंड उघडं. मी त्या माणसाला साहेबापुढे डगमगलेला पाहिला नव्हता, माझ्यापुढे ते ओट्यावर मटकन बसले.

"अरे बाप्पा," म्हणाले. "हे समजून राहिला होता काय तू? सहा वर्षं?"

मी मान हलवली.

"तुझी पोरगी पाळण्यात पाहिली तवाच मी मनात मागणी धरली. जवा जवा तुझ्या दारात आलो, मागायलेच आलो. सायकलचं त निमित्त. ज्या घरी बोलणी व्हायची आहे त्या घरचं पाणी पेत नाही मी, हे तुले माहीत नाही काय?"

"मग मागितली का नाही?"

"कसा मागू? मी हेडमास्तर, तू माझ्या हाताखालचा. तुझ्या कागदावर मी सही करतो. मी मागितली असती त तुले नाही म्हणता आलं असतं काय?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ज्याले नाही म्हणता येत नाही, त्याच्या घरी सोयरीक घेऊन जात नसतात मास्तर. मग चहा पेऊन ते मनातलं मोडून टाकू काय? वाट पाहून राहिलो होतो. मुलीच्या बापाले घाई करून चालत नाही."

मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी सायकलचं मागचं चाक तपासत बसलो. इतकी वर्षं मी ह्या माणसापुढे डबा उघडला नाही! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बायको दारातच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. ती म्हणाली, "गुरुजी, रविवारी या. टोपी घालून या."

"हव," ते म्हणाले आणि उठले.

"आता तरी चहा घ्या."

"आता कसा? बोलणी कुठं झाली?" सायकलवर टांग टाकून गेलेसुद्धा.

तुम्हाला वाटेल, बायको त्याच क्षणी राजी झाली. नाही. शनिवारपर्यंत आमच्या घरात धुसफूस चालली होती. "मी त्यांना या म्हटलं, हो नाही म्हटलं," असं तिनं मला दोनदा सुनावलं. तिचं भय खरं होतं, ते गुरुजींच्या चांगुलपणानं जाणारं नव्हतं. शेवटी म्हणाली, "एक वर्ष. रोज तासभर इंग्रजी तुम्ही शिकवायचं, माझ्यासमोर बसून. एक दिवस चुकला, तर पोरगी परत गाडीत." मी कबूल केलं. "आणि तेही पोरीला पसंत असेल तर," ती म्हणाली. गुरुजींची रीत तिला माझ्याकडून ऐकून पाठ होती.

रविवारी सकाळी गुरुजी आले. धोतर, टोपी, पिशवी. खिचडीवाली बाई नवं लुगडं नेसून सायकलच्या मागच्या सीटवर बसून आली होती, अकरा किलोमीटर! आम्ही खाटेवर चादर घातली होती. गुरुजी काठाला टेकले, टोपी सारखी केली, आणि जे शब्द मी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या घरात उभं राहून ऐकले ते माझ्या घरात ऐकले.

"आमची पोरगी सावळी होती. यंदा छुई लावली त थोडी उजळून राहिली. एका कोपऱ्यातून गळते, लपवत नाही. पण गुणाची आहे."

खरं सांगतो, मला त्यातल्या एकाही शब्दाचं हसू आलं नाही. बायकोनं तर डोक्यावर पदर घेतला.

मग गुरुजी खाली उकिडवे बसले. माझी मुलगी मला चिकटून उभी होती. "बेटा, तुले पसंत आहे का? नाही म्हटलं तरी चालते. मी रागावणार नाही."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "तिथं झोका आहे?"

"आहे. टायरचा. पण एकच आहे, नंबर लावा लागते."

"किती जण असतात नंबरात?"

"नऊ."

तिनं बोटं मोजली. एका हाताची, मग दुसऱ्या हाताची, आणि उरलेला अंगठा वर करून गुरुजींना दाखवला. "मग हा माझा नंबर?"

गुरुजींनी नुसती मान हलवली. खिचडीवाल्या बाईनं पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या बायकोला म्हणाली, "जाय माय, चहा ठेव आता."

बायको आत गेली. तिनं त्या दिवशी दुधात पाणी घातलं नाही, आलं किसून घातलं, ठेवणीतली कपबशी काढली. गुरुजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला. आम्ही चौघंही त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. सहा वर्षांचा चहा होता तो.

गुरुजींनी जीभ टाळूला लावली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "साखर कमी आहे, बाई."